ताटावर मी नाव घातलं नाही

मला रायरांनी फसवलं. मद्रासच्या वेस्ट मांबलममध्ये आमच्या गल्लीत इंग्रजी शिकवणारे मास्तर, तंजावरकडचे मराठी ब्राह्मण. अशांना तमिळ लोक रायर म्हणतात, म्हणून मीही रायरच म्हणते. माझी अक्कल त्यांनी घेतली, तिच्यावर स्वतःचं नाव घातलं आणि बदल्यात जे कबूल केलं होतं ते दिलं नाही. त्यांच्या मुलीनं, सरोजानं, हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. ती गप्प बसली.

पहिल्या दिवसापासून सांगते.

शनिवारची सकाळ होती. नवे पैसे नुकतेच आले होते, लोक अजून आण्यांतच बोलत. रायरांच्या पायरीवर मी पाटी उतरवून बसले होते. पाटीत एव्हरसिल्व्हरची, म्हणजे स्टेनलेस स्टीलची, भांडी. जुनी रेशमी साडी घ्यायची, तिची जर पारखायची आणि बदल्यात भांडं द्यायचं, हा माझा धंदा. तिकडे महाराष्ट्रात अशा बाईला बोहारीण म्हणतात असं ऐकते. इथे आम्ही पात्रक्कारी. मी इथल्याच मराठी शिंप्याची मुलगी, सहावीपर्यंत शिकलेली, सव्विसाव्या वर्षी नवरा गेलेली. लोकांच्या अंगावरचे वापरलेले कपडे हाताळते म्हणून मला तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसायची मुभा नव्हती. ओटा शिकवणीच्या मुलांचा. पायरी माझी.

रायरांच्या बायकोनं, मामींनी, एक जांभळी साडी माझ्यापुढे टाकली होती. मी काठ उलटा करून पाहत होते. वर ओट्यावर सात मुलगे आणि सरोजा. सगळे इंग्रजीत एकदा नापास झालेले. रायरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मुलांना वाक्य घातलं.

“द वुमन विथ द बास्केट सॅट ऑन द स्टेप.”

पाटीवाली बाई पायरीवर बसली. मुलं हसली.

“हसता काय? यात फ्रेज किती? आणि कुठल्या जातीच्या?”

व्याकरणात शब्दांच्या जाती म्हणतात, तसंच ते फ्रेजच्याही जातीच म्हणत. एक मुलगा म्हणाला, दोन्ही अ‍ॅडव्हर्ब. त्याला छडी. दुसरा म्हणाला, दोन्ही अ‍ॅडजेक्टिव्ह. त्यालाही छडी. तिसऱ्यानं हात आधीच पुढे केला.

माझी नजर जरीवर होती. तोंडातून निघून गेलं.

“पाटी बाईची आहे. कुठली बाई ते ती सांगते, म्हणून ती अ‍ॅडजेक्टिव्ह. पायरी बसण्याची आहे. कुठे बसली ते सांगते. ती अ‍ॅडव्हर्ब.”

छडी थांबली. रायरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग मुलांना म्हणाले, “पाहा रे. जुनेरं गोळा करणारीला कळतं. तुमच्या डोक्यात काय शेण भरलंय?”

आणि मामींना मराठीतच, मला ऐकू येईल असं: “ती उठली की पायरीवर पाणी टाक हो.”

मी त्या दिवशी खूश होते. हे लिहायला मला लाज वाटते, पण खरं ते लिहायला हवं. माझा दाखला देऊन मुलांना लाजवलं, हे मला कौतुक वाटलं. गल्लीच्या कोपऱ्यावर वळले तेव्हा मागे पायरीवर बादली ओतल्याचा आवाज आला. मी तरीही हसत होते.

मला इंग्रजी कुठून आलं ते सांगते, नाहीतर कुणी म्हणेल बाई थापा मारते. आमच्याकडे भांडं दिलं की त्यावर घरच्या माणसाचं नाव घालून द्यावं लागतं. छिन्नी आणि छोटी हातोडी पाटीत असते. ठिपक्या-ठिपक्यांनी नाव उमटवायचं. कुणाला तमिळ अक्षरं हवीत, कुणाला इंग्रजी. लोक कागदावर लिहून देत, मी ते पितळेवर आणि एव्हरसिल्व्हरवर उतरवत असे. आधी अक्षरं नुसती चित्रं होती. मग वाचता यायला लागली. सहावीतलं विसरलेलं परत आलं. आणि रायरांची पायरी सावलीची, सकाळची शिकवणी मोठ्या आवाजातली. दोन वर्षं दर शनिवारी तिथे टेकत होते. कान काही पाण्यानं धुता येत नाहीत.

फ्रेज मला कळल्या त्या पुस्तकातून नाही. पुस्तकात लिहिलंय, शब्दांचा असा गट ज्याला अर्थ आहे, पण पुरा अर्थ नाही. मुलं हे घोकत आणि नापास होत. मला वाटलं, हे तर गाठोडं. बाई दारात गाठोडं आणून ठेवते. आत चार कपडे असोत की सहा, मी सगळ्या गाठोड्याचा एकच सौदा करते. पण गाठोडं आपण होऊन काही बोलत नाही. त्याला कुणीतरी आणावं लागतं.

आणि गाठोड्याचं तोंड पाहून भाव करणारी पात्रक्कारी उपाशी मरते. एकाच तऱ्हेची साडी एका घरात लग्नाची असते, दुसऱ्या घरात तिचा बाळाला पाळणा बांधलेला असतो. साडी तीच, तिनं केलेलं काम वेगळं. म्हणून मी आधी विचारते, ही काय कामाला होती? फ्रेजचंही तेच. ‘ऑन द स्टेप’ दिसलं की मुलं डोळे मिटून अ‍ॅडव्हर्ब म्हणत. पण ‘द बॉय ऑन द स्टेप’ म्हटलं तर कुठला मुलगा, ते पायरी सांगते. तेच गाठोडं, पण आता मुलाच्या पदराला बांधलेलं. आता ते अ‍ॅडजेक्टिव्ह. आणि कधी गाठोडं कुणाच्याच पदराला नसतं, ते स्वतःच वस्तू असतं. तिला काय पाहिजे? ‘शी वॉन्ट्स टू बिकम अ टीचर.’ काय पाहिजे, त्याचं उत्तर ते अख्खं गाठोडं. ते नाउन.

हे शेवटचं वाक्य माझं. मी केलेलं. माझ्याबद्दलचं.

पुढच्या शनिवारी रायर स्वतः पायरीपर्यंत आले. असं आधी कधी झालं नव्हतं.

“काय ग, हे गाठोड्याचं तू मुलांना सांगशील? दर शनिवारी तासभर.”

“सांगेन की. मला काय मिळेल?”

“तुला काय हवं? मामीची एखादी साडी घे.”

“साडी मी मामींकडून घासाघीस करून घेईन. मला सही पाहिजे.”

बाहेरून शाळेची शेवटची परीक्षा द्यायची तर फॉर्मवर शाळेतल्या शिक्षकाची सही लागते, हे त्यांच्याच तोंडून मी ऐकलं होतं. यांना मी शिकवलं आहे, असं त्यानं लिहून द्यायचं. ती परीक्षा झाली की शिक्षिकेच्या ट्रेनिंगला अर्ज करता येत होता. मला रस्ता सोडायचा होता. मला टीचर व्हायचं होतं.

रायर हसले. “भांडी विकून विकून तू वकिलाच्या वर गेलीस. बरं, करीन सही.”

“कधी?”

“फॉर्म निघू देत. ब्राह्मणाचा शब्द आहे.”

इथे मी चुकले. आमच्या धंद्यात एक रीत आहे. उंबऱ्याच्या अलीकडून मी भांडं पुढे करते, पलीकडून बाई साडी पुढे करते. दोन्ही हात एकाच वेळी सुटतात. “आधी भांडं दे, साडी उद्या देते,” असं म्हणणाऱ्या बाईच्या दारात मी पुन्हा उभी राहत नाही. मद्रासभर मला कुणी फसवलेलं नाही. माझ्या जिभेला लोक घाबरतात. पण वडील म्हणायचे, कापडाचा भाव करावा, अक्षराचा करू नये. रायर मास्तर होते. मास्तरापुढे मी हात आधी सोडला.

दीड वर्ष शिकवलं. पायरीवरून. मुलं ओट्यावर, मी खाली, त्यामुळे मान वर करून शिकवावं लागे. शिकवणारी खाली आणि शिकणारे वर. मुलं आधी टिंगल करत, “पात्रक्कारी टीचर, दोन गाठोड्यांना एक लोटा देणार का?” मी म्हणायची, “तुझ्या डोक्याच्या बदल्यात झाकणसुद्धा येणार नाही, लिही.” मग हसत हसत लिहायची. त्यांना कळायला लागलं. परीक्षेला बसले, पास झाले. पुढची तुकडी आली, तीही पास झाली. रायरांकडे मुलांची रांग लागली.

रायर त्या तासाला आत खिडकीशी आरामखुर्चीत असत. डोळे मिटलेले. मला वाटायचं झोपलेत.

सरोजा मात्र सगळं लिहून घ्यायची. सोळा वर्षांची, हडकुळी, मन लावणारी पोर. हिरव्या पुठ्ठ्याची वही होती तिची. मी बोललेला शब्द न् शब्द त्यात उतरायचा. मला ती अक्का म्हणायची. कुणी पाहत नसलं की एक पायरी उतरून माझ्याजवळ बसायची.

“अक्का, ‘बाळाला पाळणा’ हे पण लिहू?”

“लिही. लोकांना कळलं पाहिजे ना.”

“अप्पा म्हणतात सगळं जसंच्या तसं लिही, काही गाळू नको.”

मला त्याचाही अभिमान वाटला.

पहिल्या वर्षी फॉर्म निघाले. रायर म्हणाले, तुझं गणित कच्चं आहे, घाई नको. मी गणित पक्कं केलं. दुसऱ्या वर्षी फॉर्म निघाले. मी तो भरून, फोटो चिकटवून पायरीवर ठेवला. रायरांनी तो उचलला, आत नेला. शेवटच्या दिवशी परत दिला. सहीची जागा कोरी.

“अगो, मी शाळेत नोकरी करतो. जुनेरवाल्या बाईला मी शिकवलं असं लिहून दिलं तर हेडमास्तर काय म्हणतील? आणि शिकवलं तरी कुठे? पायरीवर?”

“तुम्ही शब्द दिला होता.”

“तुला येतंय ना सगळं? मग कागद कशाला? ज्ञान महत्त्वाचं.”

मी फॉर्म घेतला आणि उठले. तोंडाला येईल ते बोलले असते, पण सरोजा दारात उभी होती. तिच्यासमोर तिच्या बापाला शिव्या द्यायच्या नाहीत, इतकं मी स्वतःला आवरलं. त्या आवरण्याचाही मला आता राग येतो.

तीन महिन्यांनी आमच्या मराठी मंडळींच्या सभेचा एक माणूस मला शोधत आला. रायरांनी पुस्तक काढलंय, रविवारी हॉलमध्ये सत्कार आहे, ताट द्यायचंय, नाव घालायला ये. पुस्तक कसलं ते मी विचारलं नाही. इंग्रजीच्या मास्तरानं इंग्रजीचं पुस्तक काढलं, त्यात नवल काय. काम होतं. मी गेले.

हॉलच्या बाहेर पायरीवरच बसवलं. आत भाषणं चालू होती. त्या माणसानं मोठं एव्हरसिल्व्हरचं ताट दिलं आणि एक चिठ्ठी. “हे असंच्या असं उतरव. तुला कळायची गरज नाही, नुसती अक्षरं काढ.”

मी चिठ्ठी वाचली. रायरांचं नाव. खाली, ‘फादर ऑफ द बंडल मेथड’.

गाठोडी पद्धतीचे जनक.

छिन्नी ताटावर टेकवली होती. तशीच राहिली. बाजूच्या टेबलावर पुस्तकांची चळत होती. मी एक उचललं, तो माणूस “अग, अग” म्हणेपर्यंत उघडलं. पहिलंच वाक्य, पाटीवाली बाई पायरीवर बसली. पुढे लग्नाची साडी. पुढे बाळाचा पाळणा. पदराला बांधलेलं गाठोडं. सगळं होतं, ज्या क्रमानं मी सांगितलं त्याच क्रमानं. मी विनोद केला होता तिथे विनोदही होता. एकच बदल सापडला. ‘शी वॉन्ट्स टू बिकम अ टीचर’ हे वाक्य होतं, पण आता ‘शी’च्या जागी इंग्रजी ‘ही’ होता, म्हणजे तो. टीचर व्हायचं होतं त्याला. मला नाही.

आणि हे सगळं सरोजाच्या वहीतून उतरलं होतं. दुसरीकडून येणं शक्यच नव्हतं.

आमच्या धंद्यात नाव घालणं म्हणजे काय, ते बाहेरच्यांना माहीत नसतं. भांडं देईपर्यंत सौदा मोडता येतो. नाव घातलं की मोडत नाही. नाव घातलेलं भांडं कुणी परत घेत नाही, कुणी परत मागत नाही. तो शेवटचा ठिपका म्हणजे सौदा मान्य. आणि रायरांनी तो ठिपका माझ्याच हातानं मारायची सोय केली होती. कदाचित त्यांनी केलीही नसेल. कदाचित मी कोण, हे त्यांच्या लक्षातच राहिलं नसेल. यातलं वाईट कुठलं, ते मला अजून ठरवता येत नाही.

मी ताट घेऊन आत गेले. चपला काढून, मधल्या वाटेनं, थेट पुढे. रायर हार घालून बसले होते. मला पाहून गडबडले, पण लगेच सावरले. हुशार माणूस. उठून लोकांना म्हणाले, “या बाईंकडे पाहा. आमच्या गल्लीतली भांडीवाली. माझी पद्धत हिलासुद्धा कळली. मग तुमच्या मुलांना का नाही कळणार?” आणि मला, नंदीबैलाला विचारावं तसं: “सांग ग. ‘ऑन द स्टेप’ कुठल्या जातीची?”

लोक कौतुकानं वाट पाहू लागले. दीड वर्षापूर्वीची मी असते तर सांगितलं असतं.

“नाही सांगणार,” मी म्हणाले. “ताटावर नावही घालणार नाही. सौदा पुरा झालेला नाही. रायर, माझी सही कुठे आहे?”

कुणीतरी हसलं. अध्यक्ष म्हणाले, “काय म्हणते ही? कसली सही?”

“गाठोड्याचं मी शिकवलं. यांच्या पायरीवर बसून, यांच्या शिकवणीला. त्या बदल्यात परीक्षेच्या फॉर्मवर सही द्यायची होती. पुस्तकात आहे ते माझं बोलणं आहे.”

रायर रागावले नाहीत. माझ्याकडे दयेनं पाहिलं. “सरस्वती कुणाच्याही तोंडून एखादा शब्द बोलते हो. शब्द सापडणं वेगळं, शास्त्र रचणं वेगळं.”

टाळ्या पडल्या.

सरोजा पहिल्या रांगेत मामींच्या शेजारी होती. नवी साडी, केसात फुलं. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“सरोजा, तू सांग. वही तुझ्या हातची आहे. कुणाचं बोलणं लिहून घेतलंस तू?”

तिनं बापाकडे पाहिलं. मग आईकडे. माझ्याकडे नाही.

“मला आठवत नाही,” ती म्हणाली.

एवढंच. मला आठवत नाही. अक्का म्हणायची तीही विसरली.

अध्यक्ष मागच्या माणसाला म्हणाले, “हिला बाहेर नेऊन कॉफी द्या.” मी ताट टेबलावर ठेवलं, कोरं. छिन्नी-हातोडी कमरेला खोचली आणि बाहेर पडले. कॉफी घेतली नाही. रायरांना ताट तसंच दिलं गेलं, असं नंतर कळलं. त्यावर नाव घालायला त्यांना गल्लीत दुसरी पात्रक्कारी मिळाली नाही. तेवढी तजवीज मी केली. एकीएकीला जाऊन सांगितलं, आणि त्या माझ्याशी भांडत असल्या तरी यावर कुणी वाद घातला नाही.

सही मला पुढे एका ख्रिस्ती शाळेतल्या तमिळ बाईंनी दिली. त्यांनी फॉर्म वाचला, मला चार प्रश्न विचारले आणि सही केली. पाच मिनिटं लागली. मी पास झाले. पण ट्रेनिंगला वयाची अट होती, आणि ती मी एका वर्षानं ओलांडली होती. रायरांनी माझं एक वर्ष गणितात घालवलं, एक फॉर्म दाबून ठेवण्यात. त्यातलं एक जरी वाचलं असतं, तरी पुरलं असतं.

आता माझं स्वतःचं भांड्यांचं दुकान आहे. गिंडीच्या कारखान्यांतल्या कामगारांकडे लग्नसराईला माझ्याकडून भांडी जातात. लोक म्हणतात, नशीब काढलंस, आता जुनं कशाला उकरतेस? दुकान मी कमावलं. ते मला त्या टीचरच्या बदल्यात कुणी दिलेलं नाही. एकानं दुसरं फिटत नाही, हे माझ्याइतकं कुणाला कळतं?

रायर मागच्या वर्षी गेले. त्यांच्याशी माझं बोलणं संपलं. पण पुस्तक गेलेलं नाही. या महिन्यात त्याची नवी आवृत्ती आली. तिला प्रस्तावना सरोजाची आहे. ती आता मुलींच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवते. तिनं लिहिलंय: ‘ही पद्धत म्हणजे माझ्या वडिलांच्या आयुष्यभराची तपश्चर्या. तिचा जन्म मी घरात डोळ्यांनी पाहिला.’

पाहिलास, सरोजा. म्हणजे तुला आठवतंय.

हॉलमध्ये तू सतरा वर्षांची होतीस. बाप समोर, आई शेजारी. त्या दिवसाचं मी तुला एक वेळ सोडून दिलं असतं. ही प्रस्तावना तू सत्ताविसाव्या वर्षी लिहिलीस. कुणी छडी घेऊन उभं नव्हतं. हे तुझं स्वतःचं आहे, याला उत्तर तुलाच द्यावं लागेल.

मी हे मराठीत लिहिते, कारण तुझ्या घरात मला जे जे बोललं गेलं ते याच भाषेत. तुझ्याकडे मी माफी मागत नाही. मानधन मागत नाही. तुझ्या वडिलांचं नाव खोडायलाही सांगत नाही. मला एका प्रश्नाचं उत्तर पाहिजे, आणि ते छापील पाहिजे, त्याच पुस्तकात, तुझ्या सहीनं. नाही दिलंस तर सुट्टी संपून शाळा उघडेल त्या सकाळी मी तुझ्या फाटकाशी येईन. पायरीवर बसणार नाही. उभी राहीन. तुझ्या मुली आत जात असतील, त्यांच्यासमोर मोठ्यानं विचारीन. दुसऱ्या दिवशी पुन्हा येईन. तू कंटाळशील, मी कंटाळणार नाही. दारात उभं राहून हट्ट धरणं हाच माझा जन्माचा धंदा आहे.

हिरव्या पुठ्ठ्याच्या त्या वहीत तू कुणाचं बोलणं लिहून घेतलंस? सांग.